पेशी मोजल्या कुणी?

कोथरूडचे एक गृहस्थ. वय ५८, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती, बारा वर्षांची शुगर. हातात प्लास्टिकची फाइल आणि फाइलीत गुळगुळीत कागदावर छापलेलं एका सेंटरचं कोटेशन: ताठरता परत यावी म्हणून लिंगात स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी, टोचण्याचं. त्यात तीन ओळी होत्या: २ कोटी पेशी, ५ कोटी पेशी, १० कोटी पेशी. प्रत्येकीसमोर लाखांतली रक्कम, आणि शेवटच्या ओळीवर हिरव्या हायलायटरची रेघ. गृहस्थांचा प्रश्न एवढाच होता, की दहा कोटीवालं घ्यावं का पाच कोटीवालं पुरेल. मुळात हा उपचार करावा का, त्यानं नेमकं काय होणार, याची उत्तरं त्यांना तिथल्या समुपदेशक मुलीनं गोड आवाजात आधीच देऊन टाकली होती. शेजारी बसलेल्या त्यांच्या बाईंनी मध्येच म्हटलं, "अहो, शुगरचं आधी सांगा ना." मग फाइल मिटली गेली आणि एचबीए१सीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, आकडा बाहेर आला: ९.४. तोही आठ महिन्यांपूर्वीचा.

मला खटकलं ते दहा कोटी. रक्कम जास्त होती म्हणून नव्हे. दुखण्यापायी माणूस पैसे मोजतोच. खटकला तो आकड्याचा गोलपणा. जिवंत पेशी अशा गोल आकड्यात हाती येत नाहीत.

पेशी मोजायची रीत जुनी आणि कंटाळवाणी आहे. पेशींचं द्रावण आधी हलक्या हातानं ढवळून घ्यायचं, नाहीतर पेशी तळाला बसतात आणि वरचा थेंब विरळ येतो. त्यातले १० मायक्रोलिटर घ्यायचे, तेवढाच ट्रायपॅन ब्लू नावाचा रंग मिसळायचा. मेलेल्या पेशीचं आवरण फाटलेलं असतं, ती निळी होते. जिवंत पेशी रंगाला आत येऊ देत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली ती उजळ कडेची, गोल दिसते. हे मिश्रण न्यूबाउअर चेंबर या कोरीव रेघांच्या काचेवर सोडायचं, चार कोपऱ्यांतल्या चौकोनांतल्या जिवंत पेशी मोजायच्या, सरासरी काढायची, रंगामुळे द्रावण निम्मं पातळ झालं म्हणून दोननं गुणायचं आणि मग दहा हजारांनी. चौकोनात सरासरी ६० आल्या तर मिलिलिटरला १२ लाख. रेघेवर बसलेल्या पेशीचं काय करायचं, याचाही नियम प्रत्येक लॅबनं ठरवलेला असतो: दोन बाजूंच्या रेघांवरच्या धरायच्या, उरलेल्या दोन बाजूंच्या सोडायच्या. इतकं करूनही दोघांनी एकच काच मोजली तर आकडा थोडा वेगळा येतो. म्हणून खऱ्या लॅबच्या कागदावर बॅच क्रमांक, तारीख, वेळ, एकूण पेशी, त्यांतल्या जिवंत किती टक्के आणि मोजणाऱ्याची सही असते. हा कागद तयार होतो पेशी हातात आल्यावर. रुग्णाच्या अंगातून अजून थेंबही काढलेला नसताना, पैशांच्या रकान्याशेजारी, तो आकडा कुठून येतो?

बरं, मोजल्याच असं धरू. कसल्या मोजल्या? 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव प्रत्येक जाहिरातीत असतं. आंतरराष्ट्रीय पेशी-उपचार संस्थेनं २००६ साली या नावासाठी किमान अटी घातल्या: पेशी प्लास्टिकच्या तळाला चिकटून वाढल्या पाहिजेत, त्यांच्या पृष्ठभागावर सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ ही प्रथिनं असली पाहिजेत आणि रक्तपेशींच्या खुणा, म्हणजे सीडी४५, सीडी३४ वगैरे, नसल्या पाहिजेत, आणि बशीत योग्य खुराक दिला तर त्यांच्यापासून हाड, चरबी आणि कूर्चा तयार झाली पाहिजे. यांतल्या कुठल्याच गोष्टीचा निकाल दुपारच्या जेवणापर्यंत लागत नाही. अस्थिमज्जेत अशा पेशी दर १० हजार ते १ लाख पेशींमागे जेमतेम एक असते. म्हणजे मज्जेतून काढलेल्या सरसकट १० कोटी पेशींचं इंजेक्शन दिलं, तर त्यात खऱ्या अर्थानं त्या नावाला लायक पेशी हजार ते दहा हजार. बाकी पांढऱ्या पेशी आणि त्यांची बाळं. त्यांचा उपयोग शून्य असेलच असं नाही, पण मग कागदावर त्यांचं नाव तसं लिहावं.

मज्जा काढतानाही गफलत होते. कमरेच्या मागच्या हाडातून, पट्टा टेकतो त्याच्या जरा खालून, भूल देऊन जाड सुई घालतात आणि हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध लावलेल्या सिरिंजमध्ये ओढतात. पहिले थोडे मिलिलिटर कसदार असतात. त्यानंतर सुईची जागा आणि खोली बदलली नाही तर सिरिंजमध्ये येतं ते बहुतांशी साधं रक्त. एकाच भोकातून भराभर १०० मिलिलिटर ओढले की सिरिंज भरलेली दिसते, रुग्णालाही बरं वाटतं, पण पेशींच्या हिशेबात तो माल पातळ असतो. चरबीचा रस्ता सोपा दिसतो. पोटात भुलीचं लिडोकेन-ॲड्रेनलीनचं द्रावण भरायचं, नळीनं चरबी ओढायची, धुवायची, कोलॅजिनेज या विकरात ३७ अंशांवर अर्धा-पाऊण तास हलवत ठेवायची, मग सेंट्रिफ्यूज. तळाशी जो लालसर गाळ बसतो त्यात रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी, पांढऱ्या पेशी, तंतुपेशी आणि थोड्या स्टेम सेल असा सगळा गोतावळा असतो. विकर नीट धुतलं गेलं नाही तर तेही इंजेक्शनात जातं. 'सकाळी या, संध्याकाळी घरी जा' असं जिथे सांगतात तिथे बहुधा हा गाळच टोचला जातो.

स्वच्छ, एकाच जातीच्या पेशी हव्या असतील तर त्या वाढवाव्या लागतात. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, दोन-तीन दिवसांनी न चिकटलेल्या पेशी टाकून द्यायच्या, दहा-पंधरा दिवसांत तळ भरत आला की ट्रिप्सिन या विकरानं सोडवून नव्या फ्लास्कमध्ये विभागायच्या. साठीच्या, मधुमेही माणसाच्या पेशी वाढायला कंटाळा करतात, हे कुणीही लॅबवाला सांगेल. ज्याला उपचाराची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच पेशी सर्वांत थकलेल्या. म्हणून काही जण दुसऱ्याच्या पेशी वापरतात, बाळाच्या नाळेतल्या किंवा वारेतल्या. त्याला दात्याच्या तपासण्या वेगळ्या. शिवाय मायकोप्लाझ्मा. या जंतूनं फ्लास्क नासला तरी द्रव गढूळ होत नाही. मुद्दाम तपासणी केली तरच सापडतो. निर्जंतुकतेची रूढ चाचणी तर १४ दिवस चालते. त्यामुळे शहाणी लॅब पेशी गोठताना पेशी जपणाऱ्या १० टक्के डीएमएसओ या द्रावणामध्ये, मिनिटाला साधारण एक अंश या वेगानं गोठवून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवते, निकाल आला की मगच वितळवते आणि वितळवल्यावर पुन्हा मोजते, कारण या प्रवासात काही पेशी मरतातच. पुण्याला हे नवं नाही. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स आहे, देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण पुरवणारं भांडार तिथेच आहे. या शहरात पेशी नीट सांभाळणारे लोक भरपूर आहेत. ते हे उपचार विकत नाहीत, एवढंच.

आता ज्यासाठी हा खटाटोप, त्या अवयवाबद्दल. लिंगात दोन लांबट स्पंजासारखे भाग असतात, कॉर्पोरा कॅव्हर्नोझा. उत्तेजना झाली की तिथल्या मज्जातंतूंतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. त्यानं सायक्लिक जीएमपी नावाचं रसायन वाढतं, गुळगुळीत स्नायू सैल पडतात, धमन्या उघडतात, स्पंज रक्तानं भरतो. भरलेला स्पंज बाहेरच्या चिवट आवरणावर दाबला जातो आणि त्या दाबानं रक्त परत नेणाऱ्या बारीक शिरा चिमटल्या जातात. रक्त आत येतं, बाहेर जात नाही. सायकलच्या ट्यूबमध्ये कितीही पंप मारा, व्हॉल्व्ह गळका असेल तर चाक बसतंच. इथे फरक असा, की हा व्हॉल्व्ह वेगळा सुटा भाग नाही, स्नायू पुरेसे सैल होण्यातूनच तो तयार होतो. मधुमेहात तिन्हीकडून मार बसतो. मज्जातंतू झिजतात, रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड कमी बनवतं, आणि वर्षानुवर्षं ऑक्सिजनयुक्त रक्त कमी आल्यानं गुळगुळीत स्नायूंची जागा चिवट तंतू घेतात. गोळी काय करते? सिल्डेनाफिल ते सायक्लिक जीएमपी मोडू देत नाही. पण मुळात ते तयारच होत नसेल, किंवा सैल व्हायला स्नायूच उरला नसेल, तर गोळी कुणाला वाचवणार? इथेच पेशी-उपचाराची कल्पना मोहात पाडते. झिजलेलं परत उगवेल. कल्पना मूर्खपणाची नाही. उंदरांमध्ये मज्जातंतूला इजा करून, मधुमेह घडवून, मग पेशी टोचल्यावर लिंगातला रक्ताचा दाब सुधारलेला वारंवार दिसला आहे. त्या पेशी तिथे रुजून नवा स्नायू बनवतात, असं मात्र दिसलेलं नाही. बहुतेक पेशी थोड्या दिवसांत दिसेनाशा होतात. जाताना त्या जे रासायनिक निरोप सोडतात, त्यानं आजूबाजूच्या पेशी सावरत असाव्यात, असा आजचा समज आहे. कोटेशनवरच्या चित्रात हिरवी पालवी फुटलेली दाखवतात ती त्यामुळे जरा जास्तच झाली.

उंदीर सोडून माणसाकडे आलं की गर्दी एकदम विरळ होते. २०१० मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी ७ मधुमेही पुरुषांना नाळेच्या रक्तातल्या १.५ कोटी पेशी टोचल्या. तिसऱ्या महिन्यापर्यंत एक सोडून बाकीच्यांना पहाटेची ताठरता परत जाणवू लागली, पण संबंधाला पुरेल एवढी नाही; गोळी जोडल्यावर दोघांना जमलं. जॉर्डनमध्ये ४ मधुमेही पुरुषांना त्यांच्याच मज्जेतून वाढवलेल्या पेशी महिन्याच्या अंतरानं दोनदा दिल्या, प्रत्येक वेळी १.५ कोटी. फ्रान्समध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या १२ जणांना मज्जेतल्या सरसकट पेशी २ कोटींपासून २०० कोटींपर्यंत चढत्या मात्रेनं दिल्या. डेन्मार्कमध्ये ओडेन्सला, तशाच शस्त्रक्रियेनंतरच्या १७ जणांना पोटाच्या चरबीतल्या पेशी दिल्या. ८ जणांना संबंध ठेवता येऊ लागले, आणि ते आठही लघवीवर ताबा राहिलेल्यांपैकी होते. ताबा गेलेल्यांत एकही नाही. म्हणजे मज्जातंतू जिथे थोडाफार शाबूत होता तिथेच काहीतरी घडलं. मोठे दुष्परिणाम या छोट्या अभ्यासांत दिसले नाहीत, ही चांगली बातमी. वाईट बातमी अशी, की या अभ्यासांत तुलनेसाठी नुसतं सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी, दिलेला पुरेसा मोठा गट नव्हता. त्यांनी तपासलं ते मुख्यतः एवढंच, की टोचल्यावर माणसाला इजा होते का. आणि एकानं १.५ कोटी निवडक पेशी दिल्या, दुसऱ्यानं २०० कोटी सरमिसळ. 'दहा कोटी' ही मात्रा यांतल्या कुठल्या निष्कर्षातून काढली, हे मला खरंच कुणीतरी समजावून सांगावं.

सलाइनचा गट एवढा महत्त्वाचा का, ते पीआरपीच्या गोष्टीत लख्ख दिसतं. पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्स दाट करून टोचणं. पुण्यात केसांसाठी आणि गुडघ्यांसाठी ते सर्रास चालतं आणि आता लिंगासाठीही सुचवलं जातं, बऱ्याचदा स्टेम सेलच्याच पॅकेजात. २०२१ मध्ये ग्रीसमधल्या ६० पुरुषांच्या चाचणीत सहा महिन्यांनी पीआरपी गटातल्या ६९ टक्क्यांना लक्षणीय फरक पडला, सलाइन गटातल्या २७ टक्क्यांना. लोक खूश झाले. मग २०२३ मध्ये मायामी विद्यापीठाच्या ६१ पुरुषांच्या चाचणीचे आकडे आले. महिन्याभरानं पीआरपी गटात ५८.३ टक्के सुधारले. सलाइन गटात ५३.६ टक्के.

नुसतं मिठाचं पाणी, आणि निम्म्याहून जास्त पुरुष सुधारले.

यात कुणी खोटं बोललं असं नाही. ताठरता मनाच्या इतकी लगेच कह्यात येते, की कुणीतरी गांभीर्यानं ऐकून घेतलं, तपासलं, सुई टोचली, महिन्यानं परत बोलावलं, एवढ्यानंही गाडी रुळावर येते. शिवाय माणूस दवाखान्यात जातो तो सगळ्यात वाईट दिवसांत. त्यानंतर थोडं बरं होणं तसंही ठरलेलंच असतं. त्यात सेंटरं पेशींबरोबर रोज ५ मिलिग्रॅम टाडालाफिल (सिल्डेनाफिलच्याच जातीची गोळी), वजन कमी करायचा तक्ता, सिगारेट बंद, कधी शॉकवेव्हच्या, म्हणजे ध्वनिलहरींच्या हलक्या धक्क्यांच्या, सहा बैठका, असं सगळं एकदम सुरू करतात. तीन महिन्यांनी फरक पडला की श्रेय जातं ते सगळ्यात महागड्या गोष्टीला. पाच प्रश्नांची आयआयईएफ-५ नावाची साधी प्रश्नावली आहे, ५ ते २५ गुण; २२ पासून वर ठीक, ७ पर्यंत तीव्र त्रास. उपचाराआधी ती भरून घेतली का, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. ज्या फाइलीत 'आधी'चा आकडाच नाही, तिथे 'नंतर'चा कशाशी लावणार?

आपल्याकडे हा प्रश्न विचारायलाच माणूस उशिरा येतो, हेही खरं. कोथरूडला राहणारा गोळी घ्यायला हडपसरच्या मेडिकलमध्ये जातो, 'मित्राला पाहिजे' म्हणतो, दुकानदार न बघता कागदात गुंडाळून देतो. रेल्वेलाइनच्या भिंतींवर रंगवलेल्या 'गुप्तरोग' आणि 'ताकद'च्या जाहिराती बघत आपल्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं लैंगिक दुर्बलतेवरच्या औषधांची जाहिरात केव्हाच बंद केली आहे, भिंतींना कुणी ते सांगितलं नाही. आता भिंतीची जागा मोबाइलनं घेतली आणि लॉजवरच्या हकिमाची जागा काचेच्या दारानं, कॉफीच्या मशीननं आणि 'मेन्स वेलनेस'नं. न्हाव्याच्या दुकानात जेवढं मोकळं बोलता येतं तेवढंही घरच्या डॉक्टरशी बोलता येत नाही. त्यामुळे त्या सेंटरमध्ये कुणीतरी अर्धा तास ऐकून घेतं, यालाच लोक पैसे देतात असं मला कधीकधी वाटतं. सरकारी ओपीडीत दीड मिनिटात 'टेन्शन घेऊ नका' ऐकून आलेल्या माणसाला दोष कसा द्यायचा?

पण त्या गर्दीत साध्या गोष्टी निसटतात. गोळी 'लागू पडली नाही' म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी ती चुकीची घेतलेली असते. शनिवारी रात्री मटणाचं भरपेट जेवण झाल्यावर सिल्डेनाफिल घेतली तर ती रक्तात पोचायला तासभर जास्त घेते आणि कमीही पोचते. ती रिकाम्या पोटी, तासभर आधी घ्यायची. घेऊन टीव्ही बघत बसलं तर काही होत नाही, उत्तेजना लागतेच. पूर्ण मात्रेत सहा-आठ वेगवेगळ्या वेळी घेऊन पाहिल्याशिवाय फसली म्हणू नये. टाडालाफिलला जेवणाचं बंधन नाही, परिणाम ३६ तासांपर्यंत टिकतो. आणि खिशात जिभेखालची सॉर्बिट्रेट बाळगणाऱ्यानं यांतलं काहीही घ्यायचं नाही. रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. बीपीच्या काही गोळ्या, नैराश्यावरच्या काही गोळ्या, केसांसाठीची फिनास्टेराइड, यांनीही ताठरता जाते. डॉक्टरशी बोलून बदलता येतात. टेस्टोस्टेरॉन सकाळी तपासायचं आणि कमी आलं तर पुन्हा एकदा. लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. चोंदायला सुरुवात झाली की आधी छोट्या बोलतात. हृदयाच्या तक्रारीआधी दोन ते पाच वर्षं ही तक्रार येते, असं वारंवार दिसलं आहे. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या पुणेकराला आपण यात नाही असं वाटतं. पण आपला माणूस दिसायला सडपातळ आणि आतून चरबीवाला असतो, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांपासून दाखवून दिलं आहे. या तक्रारीसाठी आलेल्या माणसाचा ईसीजी न काढता त्याच्या पोटाची चरबी काढणं मला अजब वाटतं.

डॉपलरबद्दल, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजायच्या तपासणीबद्दल, थोडं जास्त सांगायला हवं, कारण अनेक कोटेशनांची सुरुवात तिथूनच होते. लिंगात ताठरता आणणाऱ्या पापाव्हेरिन किंवा प्रोस्टाग्लँडिनचं छोटं इंजेक्शन देऊन दर पाच मिनिटांनी धमनीतला वेग मोजतात. वरचा, म्हणजे ठोक्याबरोबरचा, वेग सेकंदाला २५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर रक्त कमी येतंय. ३५ च्या वर असेल तर धमनी ठीक. खालचा, म्हणजे दोन ठोक्यांमधला, वेग ५ च्या वर राहिला तर रक्त गळतंय, रिपोर्टवर येतं 'व्हीनस लीक'. आता कल्पना करा: एसीनं गार पडलेली खोली, आत-बाहेर करणारा स्टाफ, अर्धवट ओढलेला पडदा, आणि टेबलावर उघडा पडलेला, घाबरलेला माणूस. अंगात ॲड्रेनलीन भरलेलं. स्नायू सैल होत नाहीत, शिरा चिमटत नाहीत, खालचा वेग उतरत नाही. तिशीतल्या धडधाकट मुलांनाही असा शिक्का बसतो आणि मग ते आयुष्यभर 'मला लीक आहे' असं धरून चालतात. माणसाला एकटं सोडलं, वेळ दिला, गरज पडल्यास औषधाची दुसरी मात्रा दिली, तर यांतले बरेच लीक त्याच टेबलावर नाहीसे होतात. झोपेत किंवा पहाटे नीट ताठरता येत असेल तर नळकामात मोठा बिघाड नाही, हे एवढं साधं आहे.

पेशी टोचायची क्रिया मात्र अगदी छोटी. लिंगाच्या मुळाशी रबरी पट्टी बांधतात, म्हणजे पेशी लगेच रक्ताबरोबर वाहून जाऊ नयेत. इन्सुलिनसारख्या बारीक सुईनं बाजूनं टोचतात. वरच्या बाजूला नस आणि मज्जातंतू, खालच्या बाजूला मूत्रमार्ग, म्हणून बाजूच. दोन्ही स्पंजांमधला पडदा सलग नसल्यानं एका बाजूला दिलेलं दुसरीकडे पोचतं. पट्टी वीस-तीस मिनिटांनी सोडायची, जागा पाच मिनिटं दाबून धरायची. रक्त साकळणं, जंतुसंसर्ग, वारंवार टोचून आत गाठ धरणं हे धोके. तपासणीच्या किंवा उपचाराच्या कुठल्याही इंजेक्शननंतर ताठरता चार तास उतरली नाही तर रात्र असो वा पहाट, थेट इमर्जन्सी. आतलं रक्त गोठू लागलं की स्पंज कायमचा जातो. आणि 'आपल्याच पेशी, अपाय कसला' या वाक्यावर भरवसा ठेवू नये. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये तीन स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या पेशी टोचल्यानंतर त्यांची दृष्टी गेली, हे २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर छापून आलं.

ज्याला गोळी खरंच चालत नाही त्याच्यासाठी रस्ते आहेत, फक्त ते चमकदार नाहीत. निर्वात पंप आणि मुळाशी रिंग. रिंग अर्ध्या तासाच्या आत काढायची. घरी स्वतः टोचायचं औषध. पहिली मात्रा डॉक्टरांसमोरच ठरवायची. आणि शेवटी शस्त्रक्रियेनं लिंगात बसवायचा इम्प्लांट. मुंबईच्या डॉ. रूपिन शाह यांनी तयार केलेला, वाकवता येणारा भारतीय इम्प्लांट परदेशी फुगवणाऱ्या इम्प्लांटच्या मानानं खूप स्वस्त आहे. मधुमेह्याला तो बसवताना शुगर आटोक्यात असावी लागते, नाहीतर जंतुसंसर्गानं तो काढावा लागू शकतो. तो एकदा बसवला की नैसर्गिक ताठरता परत येत नाही, हेही स्पष्ट सांगावं लागतं. तरी ज्यांनी बसवला त्यांच्यात समाधानाचं प्रमाण इतर उपचारांहून जास्त दिसतं. लोक या पर्यायाला घाबरतात आणि स्टेम सेलला नाही, कारण एकात धातू आणि सिलिकॉन आहे आणि दुसऱ्यात आशा.

कायद्याचं म्हणाल तर भारतात गोंधळ फारसा नाही. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्ताच्या ठरावीक आजारांतलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण तेवढं रूढ उपचार मानलं. २०१९ च्या औषध चाचणी नियमांत स्टेम सेलपासून बनवलेलं उत्पादन हे कायमच 'नवं औषध' धरलं आहे. त्यानंतर बेंगळुरूच्या एका कंपनीच्या पेशी-औषधाला पायाच्या रक्तवाहिन्यांच्या आजारासाठी आणि गुडघ्यासाठी परवानगी मिळाली, ती चाचण्या करून. लैंगिक दुर्बलतेसाठी असं मंजूर झालेलं काही नाही. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशननंही २०१८ मध्ये याला प्रायोगिकच म्हटलं. म्हणजे हे इंजेक्शन द्यायचं तर चाचणीतच, सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची परवानगी, आचारसमितीची मंजुरी आणि सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंद घेऊन. ती नोंद कुणालाही घरबसल्या बघता येते. क्रमांकात वर्ष आणि महिना असतो, आत चाचणी कुठे चालू आहे आणि किती रुग्ण घेणार ते लिहिलेलं असतं. निव्वळ नोंद म्हणजे सरकारची पसंती नव्हे, हे काही सेंटरवाले सोयीनं विसरतात.

खऱ्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. इजा झाली तर उपचार आणि भरपाई त्यांच्याकडे. पण अटी कडक असतात. शुगर हाताबाहेर असेल तर बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. चालू गोळ्या काही आठवडे बंद ठेवाव्या लागू शकतात, म्हणजे आहे तेही थोडे दिवस जातं. प्रश्नावली, डॉपलर, रक्त, पुन्हा प्रश्नावली, असं सहा महिने ते वर्षभर चालतं, आणि बायकोलाही प्रश्न विचारले जाऊ शकतात. आपल्याला पेशी मिळाल्या का सलाइन, हे शेवटच्या तपासणीपर्यंत कळत नाही. टोचणाऱ्या डॉक्टरलाही नाही. सलाइन मिळालेल्यांना नंतर पेशी देण्याची सोय काही चाचण्यांत असते, काहींत नसते. ती आहे का, ते सही करायच्या आधी विचारून घ्यायचं, आणि माहितीपत्रक मराठीत मागून घरी नेऊन दोघांनी वाचायचं.